काळी चारची पेटी

जुनी पेटी विकायला नेली, की जाणता कारागीर ती लगेच वाजवून बघत नाही. आधी पट्ट्यांवर तिरपा उजेड पडेल अशी ती ठेवतो. मामा गेल्यावर त्यांची हातपेटी आम्ही लालबागहून दादरच्या एका दुकानात नेली, तेव्हा हेच झालं. भात्याला हात न लावता कारागिराने विचारलं, “भजनी बुवा होते ना? काळी चारमध्ये गायचे?” दोन्ही खरं होतं.

त्याने हे ओळखलं ते झिजेवरून. काळी चारला षड्ज धरला, की रिषभ, शुद्ध मध्यम आणि पंचम काळ्या पट्ट्यांवर येतात; गंधार, धैवत आणि निषाद पांढऱ्यांवर. मामांच्या पेटीत पांढरी एक, चार आणि पाच यांच्या कडा बोटांनी गोल करून टाकल्या आहेत. काळी तीनचीही तकाकी गेली आहे, कारण तिथे कोमल निषाद आहे आणि खमाज अंगाच्या चाली त्याच्यावाचून पुढे सरकत नाहीत. पांढरी तीन, सहा आणि सात बघा. त्यांचा रंग विटलाय, पण कड शाबूत आहे. हे भैरवीचे कोमल स्वर, बैठकीच्या शेवटी येणारे. आणि पांढरी दोन, म्हणजे तीव्र मध्यम, जवळजवळ कोरी. माणूस आयुष्यभर काय गायला, कशाने थांबला आणि कोणत्या रागाच्या वाटेला फारसा गेला नाही, हे त्या सदतीस पट्ट्यांवर इतकं स्पष्ट उमटलंय, की त्यांच्या गाण्याच्या वह्याही मला एवढं सांगू शकल्या नसत्या.

काळी चार ही पट्टी उंच वाटेल, पण लालबाग-परळच्या भजनाची गरजच ती आहे. कोकणातून गिरण्यांत आलेल्या माणसांनी इथे भजनी मंडळं उभी केली, समोरासमोर दोन बुवा बसवून डबलबाऱ्या रंगवल्या. पखवाज, झांजा आणि कोरसाच्या गजरातून बुवाचा आवाज वर निघायला हवा. शिवाय बुवा स्वतःच पेटी वाजवतो, त्यामुळे साथ आणि गाणं यांत अंतर राहत नाही.

मग वरची फळी निघाली आणि सुरांची फळी दिसली. जाणकार ज्याची वाट बघत असतो तो हा क्षण. पेटीला दोन ओळी आहेत, खर्ज आणि नर. म्हणजे एकाच पट्टीखाली एक सूर भरदार आणि दुसरा त्याच्या वरच्या सप्तकातला, धारदार. प्रत्येक सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने जडवलेली पितळेची जीभ. हे सूर जर्मन आहेत. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर आज सर्रास वापरतात आणि त्यांतले उत्तम सूर उत्तमच असतात. पण जुन्या जर्मन सुराला हवेचा नुसता स्पर्श पुरतो. भाता हलका दाबला तरी तो खरखर न करता उमलतो. जुनी पेटी घेणारा दुकानदार भाव करतो तो मुख्यतः याच सुरांचा. पुष्कळदा ते काढून नव्या खोक्यात बसवतात. हिशेबाला ते बरोबर असेल, पण मला ते पटत नाही.

का पटत नाही, ते पांढरी एकखालची जोडी सांगते. सुराच्या जिभेचं टोक घासलं, की ते हलकं होऊन सूर चढतो. रिव्हेटपाशी, बुडाशी घासलं, की जीभ सैल पडून सूर उतरतो. पांढरी एकच्या खर्ज आणि नर या दोन्ही जिभांवर बुडाशी बारीक, समांतर ओरखडे आहेत. पांढरी चार आणि पाचवरही तसेच. म्हणजे कुणीतरी मामांचा गंधार, धैवत आणि निषाद मुद्दाम उतरवले होते. समान अंतरांवर लावलेल्या पेटीत गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट). धैवत-निषादांचीही तीच तऱ्हा. याच चढेल, ताठ स्वरांवरून पेटीवर टीका होत आली; 1940 साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती उठायला 1971 उजाडलं. इकडे कुठल्याशा बाकावर एका कारागिराने तीन स्वरांपुरतं त्या टीकेला कानशीने उत्तर देऊन ठेवलं होतं! त्याने कुठे सहीसुद्धा केलेली नाही. दुकानातल्या कारागिराने काळी चार आणि पांढरी एक एकत्र दाबली, तेव्हा दोन्हींमधली थरथर जवळजवळ नाहीशी झाली. षड्ज-गंधार असा एकजीव झालेला मी पेटीवर क्वचित ऐकलाय.

भात्याबद्दल थोडंच सांगतो. त्याच्या एका घडीवर मांजरपाटाची पट्टी सरसाने चिकटवली आहे, मामांच्याच हातची. भाता भरून सोडला तरी ती घडी हवा धरून होती. कारागिराने पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ही काढायची नाही.” त्या वाक्याने मला फार बरं वाटलं.

भाव ठरवताना मात्र पेटीचा हाच गुण आड आला. एका गळ्यासाठी लावलेली पेटी दुसऱ्याला बेसूर वाटते. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्जच उतरलेला निघेल. म्हणजे विकण्याआधी सगळे सूर पुन्हा लावायला हवेत आणि ती मजुरी भावातून जाणार. मी म्हटलं, मजुरी कापा, पण त्या तीन जोड्यांना कानस लावू नका. कारागीर मालकाशी आत बोलून आला. “गणपतीच्या आधी कोकणातली मंडळं पेटी बघायला येतात,” तो म्हणाला. “काळी चारचे बुवा त्यांत असतातच. तोवर ठेवतो अशीच. फक्त पट्ट्यांखालचं चामडं बदलतो, कडक झालंय.” त्या बोलीवर आम्ही पेटी दिली.