फ्लॉरेन्सचें चर्चदर्शन : बखर आणि अस्सल कागद

प्रवाशांस चर्चें व त्यांतील चित्रें दाखवीत फिरविणें हा फ्लॉरेन्स नगरीचा जुना व्यवसाय आहे. फ्रान्चेस्को बोक्की यानें त्या नगरीच्या सौंदर्यस्थळांचें वर्णन करणारें पुस्तक १५९१ त प्रसिद्ध केलें. टॉमस कुक यानें इंग्रज प्रवाशांचा आपला पहिला जथा १८६४ त इटलींत नेला. पुढें १८७५ पासून जॉन रस्किन यानें पुस्तिका लिहून, सकाळच्या प्रहरीं कोणत्या भिंतीपुढें जाऊन उभें रहावें, हें आपल्या देशबांधवांस शिकविलें. आज हातांत निशाण उंच धरून चालणारा वाटाड्या आणि कानांत यंत्र घालून त्याच्या मागें जाणारा घोळका, ही त्याच परंपरेची आजची अवस्था होय. तोंडोतोंडीं चालत आलेल्या संहितेंत जे गुणदोष असतात ते सर्व या कथनांतही सांपडतात. तेव्हां हस्तलिखिताची परीक्षा आपण ज्या कसोट्यांनीं करतों त्याच येथें लावणें न्याय्य होईल. सांता मारिया नोव्हेल्ला व सांता क्रोचे या दोन चर्चांतून प्रस्तुत लेखक निरनिराळ्या वाटाड्यांच्या मागून हिंडला. पुढील विवेचन त्या श्रवणावर आधारलेलें आहे.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. घरीं बसून छायाचित्रें पाहणाऱ्यास जें कळणें कठीण, तें चांगला वाटाड्या श्रोत्यास दोन पावलें मागें सरकवून कळवितो. सांता मारिया नोव्हेल्ला येथील मासाच्चोचें त्रैक्याचें भित्तिचित्र (सुमारें १४२५ ते १४२७) घ्या. त्यांत रंगविलेल्या कमानीच्या रेषा क्रूसाच्या पायथ्याजवळ, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या सुमारास, एकत्र मिळतात. योग्य जागीं उभें राहिलें म्हणजे भिंतीच्या आंत खरेंच एक दालन आहे असा भास होतो. चित्राच्या खालच्या अंगास सांगाडा रंगविला असून, तुमची आजची दशा एके काळीं माझी होती व माझी आजची दशा उद्यां तुमची होणार, अशा आशयाचा इटालियन लेख तेथें आहे. तो लेख वाचून अर्थ सांगणारा माणूस शेजारीं असणें हा मोठाच लाभ होय. इतका भाग निर्विवाद आहे.

वाद सुरू होतो तो कर्त्यांच्या नांवांपासून व गोष्टींपासून. वाटाड्यांच्या बहुतेक गोष्टींचें मूळ एकच : जॉर्जो वासारी यानें लिहिलेलीं चित्रकार, शिल्पकार व स्थपति यांचीं चरित्रें. या ग्रंथाची पहिली आवृत्ति १५५० त व वाढविलेली दुसरी १५६८ त निघाली. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर वासारी हा त्या नगरीचा बखरकार होय. बखरकाराचे सर्व गुण त्याच्या ठायीं आहेत : रसाळ कथन, गांवाचा अभिमान, आज नष्ट झालेल्या अनेक कृतींची प्रत्यक्ष पाहणी. बखरकाराचे दोषही आहेत. आपल्यापूर्वीं अडीच-तीनशें वर्षांच्या गोष्टी तो काल घडल्याप्रमाणें सांगतो, आणि ज्या गांवचा त्यास अभिमान, तेथील माणसाच्या पदरीं दुसऱ्या गांवच्या माणसाचें कर्तृत्व घालतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे रुचेल्लाई मातेचें चित्र. साडेचार मीटर उंचीचा हा लाकडी फलक शतकानुशतकें सांता मारिया नोव्हेल्ला येथें होता. १९४८ पासून तो उफ्फीत्सी संग्रहालयांत आहे. वासारी सांगतो कीं, हें चित्र फ्लॉरेन्सच्या चिमाबुएनें काढलें. तें चालू असतां आंजूचा राजा चार्ल्स पाहावयास आला. लोकांस इतका हर्ष झाला कीं, त्या वस्तीस बोर्गो आल्लेग्री, म्हणजे आनंदी पेठ, असें नांव पडलें. आणि पुरें झालेलें चित्र तुतारीच्या घोषांत मिरवीत चर्चमध्यें नेण्यांत आलें. कथेवरून स्थलनाम कीं स्थलनामावरून कथा, हा प्रश्न आपल्याकडील स्थलपुराणें वाचणारांस नवा नाहीं. या मिरवणुकीचें भव्य चित्र फ्रेडरिक लेटन यानें १८५५ त लंडनच्या प्रदर्शनांत मांडलें व तें व्हिक्टोरिया राणीनें विकत घेतलें. दंतकथेस राजमान्यता मिळाली ती अशी.

आतां कागद काय म्हणतो तें पाहूं. १५ एप्रिल १२८५ या तारखेचा एक करारनामा उपलब्ध आहे. त्यांत सांता मारिया नोव्हेल्ला येथील भजनी मंडळीनें सिएना गांवच्या दुच्चो दि बुओनिन्सेन्या या चितारीस कुमारी मातेचा मोठा फलक रंगविण्याचें काम दीडशें लिरांस दिलें आहे. काम पसंत न पडल्यास मंडळीवर पैसे देण्याचें बंधन नाहीं, फलक चितारीनेंच ठेवून घ्यावा, अशीही अट आहे. हा कागद फिनेस्की यांनीं १७९० तच छापला होता; तथापि त्याचा या फलकाशीं संबंध जोडून चित्र दुच्चोचें ठरविण्यास १८८९ त फ्रान्त्स विकहॉफ यांना पुढें यावें लागलें. त्यानंतरही कित्येक पंडित बरींच वर्षें मान्यता देण्यास कचरले. कागद छापला गेला तरी बखर लगेच हटत नाहीं, हा अनुभव आपल्याकडे राजवाड्यांच्या वाचकांस चांगलाच परिचयाचा आहे.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. करारनामा हा फलक म्हणजे तोच असें स्वतः सांगत नाहीं. स्थळ, देवता, फलकाचा मोठेपणा आणि रंगविण्याची सिएना येथील पद्धति, या चारही गोष्टी जुळल्या तेव्हां ते अनुमान दृढ झालें. ही जुळणी श्रोत्यांपुढें करून दाखविणें यांत खरा रस आहे. उफ्फीत्सींत चिमाबुए, दुच्चो व जोत्तो यांच्या तीन महामाता एकाच दालनांत असल्यानें ती तेथें करणें सोपेंही आहे. प्रस्तुत लेखकानें ऐकलेल्या एका वाटाड्यानें मात्र मिरवणुकीची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटीं दुच्चोचें नांव घेतलें. मिरवणूक चिमाबुएची व चित्र दुच्चोचें, ही गांठ कशी बसावी असा प्रश्न घोळक्यांत कोणासही पडला नाहीं.

दुसरा दोष याहून मोठा आहे. वाटाड्या कृतीचा जन्म सांगतो, परंतु तिचें पुढील आयुष्य सांगत नाहीं. या दोन चर्चांतील लांबच लांब मोकळा मंडप पाहून मूळच्या स्थपतींची वाखाणणी केली जाते. वस्तुतः दोन्ही ठिकाणीं मंडप आडवा छेदणारी भिंत होती. ड्यूक कोसिमो पहिला याच्या कारकीर्दींत, १५६५ च्या सुमारास, ती पाडून टाकण्याचें काम खुद्द वासारीनेंच केलें. सांता क्रोचेचा संगमरवरी दर्शनी भाग, ज्याचीं छायाचित्रें प्रत्येक जण घेतो, तो १८६३ सालचा आहे. मासाच्चोच्या ज्या त्रैक्यचित्राची वासारीनें ग्रंथांत स्तुति केली, तेंच त्यानें १५७० च्या सुमारास नव्या वेदीमागें झांकून टाकलें. १८६० च्या सुमारास तें उघडकीस आलें तेव्हां भिंतीवरून सोडवून प्रवेशद्वाराच्या बाजूस हलविलें गेलें. खालचा सांगाडा मूळ जागींच राहिला होता. तो उगो प्रोकाच्ची यांस सांपडल्यावर १९५२ त दोन्ही भाग पुन्हां एकत्र आले. डोकें एका संग्रहांत व पाय दुसऱ्या संग्रहांत अशा पोथ्या ज्यांनीं जुळविल्या आहेत, त्यांस या घटनेचें मोल सांगावयास नको.

सांता क्रोचेंतील बार्दी प्रार्थनागृहाचा इतिहास तर सरळ पाठचिकित्सेचा आहे. तेथील जोत्तोच्या फ्रान्सिसचरित्रावर अठराव्या शतकांत चुना फांसला गेला. पुढें भिंतीस थडगीं जोडतांना चित्राचे तुकडे कायमचे नष्ट झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चुना काढला, तेव्हां गाएतानो बियांकी यानें गळालेले भाग आपल्या कल्पनेनें रंगवून भरून काढले. पुढील शंभर वर्षें प्रवासी जोत्तो म्हणून जें पाहत होते त्यांत बियांकीचा वांटा मोठा होता. १९५८ च्या सुमारास लेओनेत्तो तिंतोरी यांनीं हे प्रक्षेप काढून टाकले व रिकाम्या जागा रिकाम्याच ठेविल्या. आज भिंतीवर थडग्यांच्या आकाराचे कोरे डाग दिसतात. वाटाडे त्यांकडे पाठ फिरवून बोलतात, जणूं तो एक अपघात आहे. वास्तविक तो संपादकाचा प्रामाणिकपणा आहे : गळालेल्या अक्षरांच्या जागीं स्वतःचीं अक्षरें न घालतां तेथें गळती दाखविणें.

तोच प्रामाणिकपणा चिमाबुएच्या क्रूसचित्रांत निराळ्या रीतीनें दिसतो. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरांत आर्नो नदीचें पाणी सांता क्रोचेंत शिरलें आणि या चित्राचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. त्याच पुरांत शेजारच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील लाखों ग्रंथ चिखलांत बुडाले. ती हकीकत वाचतांना कोणाही पोथीसंग्राहकाचें मन हेलावेल. दहा वर्षांच्या खटपटीनंतर चित्र पुन्हां मांडलें गेलें. नष्ट भागांत बारीक रंगरेषांचें असें जाळें भरलें आहे कीं, दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांस तें खुपत नाहीं आणि जवळून पाहणाऱ्यास मूळ व भर यांचा भेद तत्काळ कळतो. प्रवाशांस पांच मिनिटें देतां येत असतील तर तीं या भेदासाठीं द्यावींत.

यावर असें म्हणतील कीं, घोळक्यास गोष्टी हव्या असतात, आणि घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं. हें खरें आहे. गोष्टी सांगूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. वासारी टाकून दिल्यास हातीं फारच थोडें उरेल. मागणें इतकेंच कीं, वाक्याच्या आरंभीं एक शब्द अधिक खर्च करावा : "येथें दिसतें", "कागद सांगतो", "वासारी म्हणतो", "पंडितांचा तर्क आहे". यांस वेळ लागत नाहीं. हे चार शब्दप्रयोग ज्या कथनांत नाहींत तें कितीही रसाळ असलें तरी पुराणश्रवण होय, वस्तुदर्शन नव्हे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें कोणीं समजूं नये. सांता क्रोचेंत गॅलिलिओच्या समाधीवरील अर्धपुतळा ज्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचा, त्याच शिल्पकारानें घडविलेली समाधि जुन्या गोव्यांत, बॉम जेझूच्या चर्चमध्यें, संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांखालीं उभी आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानें ती पाठविली, आणि प्लाचिदो राम्पोनी यानें गोव्यास येऊन १६९८ त ती उभारली. तिच्यावरील चांदीची पेटी मात्र त्याहून साठ वर्षें जुनी व गोव्याच्याच कारागिरांच्या हातची आहे. खालचें काम फ्लॉरेन्सचें, वरचें गोव्याचें. दोन गांव, दोन पिढ्या, दोन हात. हें सर्व एकाच दमांत "पोर्तुगीजांनीं बांधलें" म्हणून सांगितलें कीं आपल्याच कारागिरांचें नांव आपल्या हातानें पुसलें जातें. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेक जण सुटीच्या दिवशीं पाहुण्यांस किल्ले, देवळें व चर्चें दाखवितात. त्यांनीं तरी प्रत्येक दगडापुढें उभें राहून "कोणाचें, केव्हांचें, कशावरून" हे तीन प्रश्न मोठ्यानें विचारावे, आणि तिसऱ्याचें उत्तर नसेल तेथें पहिल्या दोहोंचें उत्तर देऊं नये.