कारागृहांचे प्रकार आणि ‘सुधार’ ही संज्ञा

महाराष्ट्रातील तुरुंगव्यवस्था ‘कारागृह व सुधारसेवा विभाग’ या नावाने ओळखली जाते. या नावातील दोन पदांचा मेळ कितपत बसतो, हे कारागृहांच्या प्रकारांवरून तपासून पाहण्यासारखे आहे.

जुने शब्द या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आल्याचे मानले जाते. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड, व त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा. ‘कैद’ या अरबी शब्दाच्या मुळाशी बेडी आहे. ‘बंदी’च्या मुळाशी बांधणे आहे. तिन्ही शब्द जखडण्यापलीकडे काही सांगत नाहीत.

इतिहासही याला अनुरूपच आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह मुळात पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेला किल्ला होय. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा भर सुरक्षितता, शिस्त व श्रम यांवर होता. बंद्याची सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट म्हणून मांडले गेले ते १९१९-२० च्या समितीच्या अहवालात. परंतु मध्यवर्ती, जिल्हा, महिला, किशोर ही प्रकारांची नावे पाहिली, तर त्यांतून संस्थेचा प्रशासकीय दर्जा अथवा बंद्याचे लिंग व वय कळते; सुधारणेची पायरी कळत नाही.

अपवाद खुल्या कारागृहाचा. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास वसलेल्या मुक्त वसाहतीस ‘स्वतंत्रपूर’ हे नाव मिळाले. येथे प्रथमच नावाने भिंतीचा निर्देश न करता माणसाच्या भावी स्थितीचा निर्देश केला. या प्रयोगावरून स्फुरलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटातील सहाही बंदी खुनाबद्दल शिक्षा झालेले आहेत, हे मात्र विसरता येत नाही. सुधारणेची कल्पना दोष सिद्ध झालेल्या माणसालाच लागू पडते.

खरी अडचण येथेच उद्भवते. केंद्रीय आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८, न्यायाधीन होते. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष होत. ज्याचा दोष ठरलेला नाही, त्याच्यात सुधारावयाचे ते काय? १८९४ च्या अधिनियमाने न्यायाधीन व सिद्धदोष बंद्यांना वेगळे ठेवण्यास सांगितले. पण तो भेद कारागृहाच्या आतला राहिला, प्रकारांच्या नावांत उतरला नाही. लोकभाषेने तर न्यायाधीन बंद्यास ‘कच्चा कैदी’ म्हणून त्याचे ‘पक्के’ होणे जणू गृहीतच धरले.

न्यायाधीन बंद्यांनाही शिक्षण, वैद्यकीय उपचार व कायदेविषयक साहाय्य मिळते, म्हणून ‘सुधारसेवा’ हे नाव त्यांनाही लागू पडते, असा प्रतिवाद संभवतो. तो अर्धाच खरा आहे. या गोष्टी त्यांचे हक्क होत, त्यांच्या दोषावरील उपाय नव्हेत. त्यांच्यापुरते ‘सुधारसेवा’ या समासातील उत्तरपदच सार्थ ठरते. पूर्वपद त्यांच्यावर न्यायालयाआधीच निकाल देते. व्यवस्थेच्या नावातील हा निकाल तीन-चतुर्थांश बंद्यांना लागू होतो, म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.