काळी गिटार आणि खालचा सूर

यंदा नवरात्रात आमच्या बोईसरला गरब्याचा वाद्यवृंद ऐकावयास गेलो, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने रंगमंचाच्या कोपऱ्यातील वादकाकडे बोट दाखवून सांगितले, "सर, ती काळी बेस गिटार बघा. काळी म्हणूनच तिचा आवाज इतका खोल येतो!"

मी हसलो नाही. डग्ग्यावरची काळी शाई आपल्या वजनाने चामड्याचा सूर खाली ओढते, हे पाहिलेल्या मुलाने असा तर्क केल्यास तो अगदीच वेडेपणाचा म्हणता येत नाही. पण ह्या गिटारीचे अंग भरीव लाकडाचे असते. तारेची थरथर लोहचुंबकाजवळच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते व तीच मोठी होऊन स्पीकरमधून ऐकू येते. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारा आणखी एक सप्तक उतरवाव्या, तशा हिच्या चार तारा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसकडे असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर ह्यांनी आपली पडद्यांची बेस गिटार बाजारात आणली आणि ते ओझे गळ्यात अडकवता येऊ लागले. काळा रंग तिला शोभतो खरा. सुराशी त्याचा संबंध नाही.

त्या रात्रीचा वादक पूर्वार्धात फार चांगला वाजला. समेवर एक भरदार सूर, पुढे थोडी वाट पाहणे, आणि गायिका थांबली तरी आपण पुढे न घुसणे. दोनशे पावले एकदम पडत होती, आणि ती कोणामुळे पडतात हे कोणाच्या ध्यानात नव्हते. जव्हार-विक्रमगडकडे तारप्याची धून बदलली की वारली नाचणाऱ्यांची पावले बदलतात. फरक इतकाच की तारपेवाल्याकडे नाचणारा पाठ करीत नाही. इकडे बेसवाल्याकडे कोण पाहतो? राहुलदेव बर्मन ह्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ती गाणी घरोघर पाठ आहेत. हे नाव किती घरांत ठाऊक आहे?

उत्तरार्धात मात्र टाळ्यांच्या लोभाने म्हणा, हा गृहस्थ मोकळ्या जागांत स्वर कोंबू लागला. त्यात ध्वनिवाल्याने खालचा आवाज इतका चढविला की मांडवाचे पत्रे वाजू लागले. फेर विस्कटला. माझ्या मते दोष वेगाचा नव्हता, न थांबण्याचा होता.

आमची मुले संगीत ऐकतात ते मोबाइलवर. त्याच्या इवल्या स्पीकरमधून हा खालचा सूर जवळजवळ येतच नाही. मग दिसतो तो रंगच! म्हणून मी त्या मुलाला स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवावयास लावले. बराच वेळ तो तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन हळूच म्हणाला, "सर, पालघरला एक जुनी मिळतेय. पण लाल आहे. चालेल?"