पायाखालचे २० मिलिमीटर

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांचे शौकीन रंगकामावर पानंच्या पानं लिहितात. २८ मिलिमीटरच्या सैनिकाच्या डोळ्यात बुबुळ कसं काढावं, लाल कोटाच्या घडीत सावली कुठे द्यावी, यावरून त्यांच्यात हमरीतुमरी होते. त्या सैनिकाच्या पायाखाली जी चकती असते, जिला खेळणारे सरसकट ‘बेस’ म्हणतात, तिच्याबद्दल मात्र ‘कुठला घेऊ?’ आणि ‘अमुक घे’ एवढ्यावर बोलणं संपतं. जणू तो खरेदीचा प्रश्न आहे. मला तो वाचनाचा प्रश्न वाटतो. ही माणसं कशी लढली असतील, याबद्दल खेळणाऱ्याचं जे मत असतं ते बरंचसं बेस निवडतानाच ठरून गेलेलं असतं. रंग नंतर लागतो.

कालक्रमाने पाहिलं तर बेस आधी आला आणि सैनिक त्याच्यावर नंतर चढला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीगस्पील’ हा खेळ पोचला, तेव्हा त्यात माणसांच्या मूर्ती नव्हत्याच. १:८००० च्या नकाशावर ठोकळे सरकवायचे. ठोकळ्याची लांबी म्हणजे त्या तुकडीने रणांगणावर प्रत्यक्ष अडवलेली जागा. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) नेमकं उलटं आहे. तिथे शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगची खेळण्यातली तोफ. तिच्यातून लाकडी गुल्ली सुटते आणि सैनिक आडवा झाला की तो मेला. म्हणजे एकीकडे बेस हे जागेचं माप, दुसरीकडे तो उभं राहण्याचं बळ. आजच्या बेसला ही दोन्ही कामं आहेतच, शिवाय तो फोटोत देखणाही दिसायला हवा. या तिसऱ्या कामाने पहिल्या दोघांना कोपऱ्यात ढकललंय.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे वॉरहॅमर. १९८३ पासूनच्या त्याच्या काल्पनिक जगाच्या खेळात बेस चौकोनी झाले: माणूस आणि एल्फ २० मिलिमीटर, ऑर्क २५, ओगर ४०. चौकोन शेजाऱ्याला चिकटतो. खांद्याला खांदा लावून रांग उभी राहते, रांगेमागे रांग, आणि त्या गर्दीत एकटा सैनिक कोणी नसतो. २०१५ मध्ये कंपनीने ते जगच कथेत नष्ट करून टाकलं आणि ‘एज ऑफ सिग्मार’ आणलं. त्यात बेस गोल. गोल एकमेकांना एका बिंदूत टेकतात, चिकटत नाहीत. फलटण विरघळली आणि तिच्या जागी सुटेसुटे वीर आले. कथानकातल्या त्या प्रलयावर चाहत्यांनी पुष्कळ अश्रू ढाळले. माझ्या मते खरा प्रलय चौकोनाचा गोल झाला तो. २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ आलं आणि चौकोन परतले, पण माणसाचा चौकोन आता २५ मिलिमीटरचा. दहा जणांची रांग २०० ऐवजी २५० मिलिमीटर अडवते. जुनी फौज जपून ठेवलेल्याला एकेक पाय उचकटून पुन्हा चिकटवत बसणं आलं.

अवकाशातल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’मध्ये स्पेस मरीनचा बेस २५ वरून ३२ मिलिमीटरवर गेला. ऐकायला सात मिलिमीटर. क्षेत्रफळ मात्र सुमारे ६४ टक्क्यांनी वाढतं. ४० मिलिमीटरच्या शत्रूभोवती पूर्वी सात जणांचं कडं बसायचं, आता सहाच मावतात. एकाला लढाईतून बाहेर काढलं ते नियमपुस्तिकेने नाही, प्लास्टिकच्या साच्याने.

मोठ्या चकतीवर जागा उरली की ती भरायची इच्छा होते. मग येतो खडक. सैनिकाचा एक पाय जमिनीवर, दुसरा दगडावर, नजर क्षितिजाकडे. खेळणारे स्वतःच याला थट्टेने ‘टॅक्टिकल रॉक’ म्हणतात. एकाचा पाय दगडावर असेल तर तो नायक. चाळीस जणांचे पाय दगडावर असतील तर तो फोटो स्टुडिओ. मला त्यापेक्षा नव्वदच्या दशकातले ते भडक हिरव्या कडांचे बेस प्रामाणिक वाटतात. त्यांनी जमीन असल्याचं सोंग घेतलं नव्हतं. सोंगटीला बूड असतं तसं ते बूड होतं.

इथवर कल्पित जगं होती. तिथे बेस चुकला तर खेळ बिघडतो, इतकंच. इतिहासातली लढाई मांडताना बेस चुकला तर काय बिघडतं, ते पाहण्यासाठी आधी एक नियमावली घेऊ. १९९० मध्ये आलेली ‘डीबीए’ प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी आहे. तिच्यात १५ मिलिमीटरच्या मूर्तींसाठी प्रत्येक बेसची रुंदी ४० मिलिमीटरच. बदलते ती खोली आणि त्यावर उभ्या माणसांची संख्या. जड पायदळाचे चौघे १५ मिलिमीटरच्या अरुंद पट्टीवर दाटीने उभे. गोफणवाले, भालाफेके असे विखरून लढणारे दोघेच, २० मिलिमीटरवर. आणि ज्यांना लढायला भाग पाडलंय अशा गावकऱ्यांची झुंड म्हणजे पाच-सात मूर्ती, वेड्यावाकड्या तोंडांच्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून, रंग न दिसताही, कोण शिस्तीचं आणि कोण बाजारबुणगे ते कळतं. ही पद्धत फार हुशार आहे, आणि म्हणूनच धोक्याची. त्या नियमावलीपलीकडच्या काळातही खेळणारे याच सवयीने विचार करतात.

आता आसई घ्या. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. युद्धखेळ खेळणाऱ्या इंग्रजांची ही आवडती लढाई: थोडे विरुद्ध पुष्कळ. मी या लढाईच्या जितक्या मांडण्या चित्रांतून पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांत एक गोष्ट खटकते. कंपनीच्या पलटणी सरळ रेषेत, चौकोनी बेसवर, एकसारख्या. मराठी पायदळ मात्र सैल, तिरकं, बेसवर अंतर सोडून, कोणी ढालीसह, कोणी तलवार उगारलेलं. सुंदर रंगवलेली झुंड.

प्रत्यक्षात त्या दिवशी वेलस्लीसमोर उभं होतं ते मुख्यतः शिंद्यांचं कवायती पायदळ. पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचे कंपू, बंदूक आणि संगीन घेतलेले. वेलस्ली नदी ओलांडून त्यांच्या बगलेवर आला तेव्हा त्याचा भरवसा होता की यांना वेळेत तोंड फिरवता येणार नाही. पोलमानने सबंध रांग काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. हजारो माणसांना, तोफांसह, शत्रू समोर असताना रांग न मोडता फिरवणं हे झुंडीचं काम नाही. शिवाय वेलस्लीच्या बाजूलाही गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच, ७४वी आणि ७८वी. बाकी पायदळ मद्रासचे शिपाई. दोन्हीकडे तीच कवायत, जवळपास तीच बंदूक. मग बेस वेगळे कशासाठी?

आपल्याकडे हा वाद जुना आहे. गनिमी कावा सोडून मराठ्यांनी कवायती फौजा उभारल्या म्हणून ते बुडाले, असं आपण शाळेपासून ऐकतो. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ च्या अँग्लो-मराठा मोहिमांवरच्या ग्रंथाने या समजाला चांगलाच धक्का दिला: फौज आणि तोफखाना कमअस्सल नव्हता, पराभवाची कारणं पैशाच्या आणि लष्करी बाजारपेठेच्या ताब्यात शोधावी लागतात. ज्याने शिंद्यांच्या पलटणींना सैल बेस दिला, त्याने या वादात बाजू घेतली, बहुतेक वेळा वाद आहे हे माहीत नसताना. फासे पडायच्या आधीच त्याच्या टेबलावर मराठे हरलेले असतात. आणि गंमत म्हणजे वेलस्लीही त्यात लहान होतो, कारण झुंडीला हरवण्यात कसला आलाय पराक्रम?

अचूकतेचा फार आग्रह धरणाऱ्यांसाठी एक हिशेब. त्या काळच्या इंग्रजी कवायतीत रांगेतल्या माणसाला २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर जागा. २८ मिलिमीटरच्या मूर्तीचं प्रमाण ढोबळपणे १:६० धरलं तर ते झाले नऊ मिलिमीटर. पायदळाला आपण सहसा देतो तो चौकोन २० मिलिमीटरचा. म्हणजे टेबलावरची सर्वांत घट्ट रांगसुद्धा खऱ्या रांगेच्या दुप्पट सैल असते. बेस खरा नसतोच. दोन्ही बाजूंना तो सारखाच खोटा असावा, एवढीच मागणी करता येते. २००९ ची ‘ब्लॅक पावडर’ ही नियमावली मला यासाठी आवडते: तुमच्याकडे जे बेस असतील ते वापरा, फक्त दोन्ही फौजांचे जुळते असू द्या, असा तिचा एकंदर सूर आहे.

बेसवरच्या मातीचंही तेच. भारतातली लढाई म्हटली की पिवळी वाळू पसरायची, मधे एखादं वाळकं झुडूप. आसईचं रान काळ्या कपाशीच्या मातीचं. सप्टेंबरअखेरीस त्यावर गवत हिरवं होतं की सुकलेलं, यावर भांडता येईल. माती काळी होती यावर नाही. तयार पुड्यांत मिळणारी वाळू अरबस्तानाला चालेल, हिरवळ इंग्लंडला. काळी माती स्वतः रंगवावी लागते, आणि तिच्यावर गडद निळा कोट उठून दिसत नाही, म्हणून ती कोणी रंगवत नाही. काहींनी यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा तोडगा काढलाय: बेस दिसतच नाही, खालचं टेबल दिसतं. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळ्याची मातीची बैठक चिखलात दाबून टाकायचो, तोच हेतू. पण किल्ल्यावरचा मावळा एकदा रोवला की जागचा हलत नसे. फिरणाऱ्या सैनिकाखाली ती काच चमकते आणि तो बर्फावर उभा असल्यासारखा दिसतो. मला ते पटत नाही.

आसई मांडायचीच तर माझी निवड अशी. शिंद्यांच्या आणि कंपनीच्या पलटणींना एकाच मापाचे चौकोनी बेस, सारख्याच संख्येने मूर्ती, सारखीच काळी माती. मराठी घोडदळाला मोठे, मोकळे बेस, कारण ते खरोखर तसं लढे. आणि तोफा. बाजारात तोफेचा बेस एकच मोठा मिळतो, त्यावर तोफ आणि चार गोलंदाज कायमचे चिकटवलेले. इथे तो चालणार नाही. आसईला काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांच्या चाकांपाशी पडून राहिले, ७८वी पलटण त्यांच्यावरून पुढे गेली, आणि मग त्यांनी उठून तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. तोफेला एक बेस, प्रत्येक गोलंदाजाला स्वतःचा छोटा गोल बेस, आणि दोन-तीन जास्तीच्या मूर्ती आडव्या पडलेल्या.