कावडीतला श्रवण

आश्विनात माळव्यावरचे ढग ओसरले की धार-देवासच्या आकाशात दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात श्रवण जवळजवळ माथ्यावर येतो. दक्षिणेला तोंड करून मान चांगली उंच करावी लागते; तो क्षितिजापासून 76 अंशांपर्यंत चढतो. साधारण एका ओळीत तीन तारे, मधला सर्वांत तेजस्वी. आईबापांना कावडीतून नेणारा श्रवणबाळ तो हाच. कावडीचे एक टोक नारिंगी आहे, तो तारा शेकडो प्रकाशवर्षे मागे उभा आहे. दुसरे टोक मंद. श्रवण स्वतः पांढरा आणि अवघ्या 16.7 प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या शेजारचाच.

धारच्या भोजराजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा ग्रहगणिताचा करणग्रंथ आहे, त्याचा आरंभ शके 964 चा. त्या परंपरेतल्या गणितींनी श्रवण नक्षत्राच्या योगताऱ्याचे, म्हणजे मुख्य ताऱ्याचे, स्थान अंशांत बांधून ठेवले. त्याचा आकार त्यांना दिसणे शक्यच नव्हते. रुपयाचे नाणे कोलकात्यात धरले आणि देवासहून पाहिले, तर ते जेवढे भासेल साधारण तेवढेच श्रवणाचे बिंब आहे.

आणि सगळी गंमत त्या बिंबातच आहे. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घालायला सुमारे पंचवीस दिवस लागतात, श्रवणाला नऊ तासांच्या आसपास. त्याच्या विषुववृत्तावरचा वायू सेकंदाला पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. या वेगाने तारा मधोमध फुगला आहे: ध्रुवाकडची त्रिज्या सूर्याच्या सुमारे 1.6 पट, विषुववृत्ताकडची सुमारे दुप्पट. फुगलेल्या भागात गुरुत्वाकर्षणाची पकड सैल पडते, म्हणून तो भाग थंड आणि मंद, तर ध्रुव तप्त आणि झळझळीत. हे खगोलशास्त्रज्ञ फॉन झायपेल याने 1924 मध्येच गणिताने मांडले होते. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून श्रवणाचे चित्र मिळवले गेले, ते 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रोजनचे हेलियम करत असलेल्या ताऱ्यांपैकी, सूर्य सोडला तर, पृष्ठभागाचे चित्र मिळालेला हा पहिला तारा. मला त्या चित्रात सर्वांत भावते ती एक विसंगती: विषुववृत्त सिद्धान्ताने सांगितले होते त्याहूनही थंड निघाले. गणित जुळले, पण पुरते जुळले नाही. तारा तेवढा आपल्या हाताबाहेर राहिला.

कावड खांद्यावर असलेला माणूस जपून, सावकाश पावले टाकतो. आकाशातला श्रवण मात्र फुटून जाण्याच्या मर्यादेपासून फार लांब नसलेल्या वेगाने गरगरतो आहे, आणि तरीही त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत इतका शांत पोचतो. ही दोन्ही चित्रे एकाच ठिपक्यावर ठेवून पाहिली की जुनी कथा फिकी पडत नाही, उलट तिच्यातला भार अधिक जाणवतो.

मघेचा ठळक तारा आणि अभिजितही असेच वेगाने फिरतात. पण अभिजितचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडेच वळलेला, त्यामुळे त्याचा फुगवटा नजरेआड राहतो. आणि मघा फार दूर. श्रवण कललेला आहे, त्याचा झळाळता ध्रुव आणि मंद कटी दोन्ही चित्रात एकदम सापडतात. वेगवान ताऱ्यांत माझी पसंती त्यालाच. चांदणे नसलेल्या रात्री देवासच्या टेकडीवर किंवा धारच्या बाहेर, दिव्यांपासून दूर जाऊन, आधी कावड ओळखा आणि मग मधल्या ताऱ्यावर नजर ठेवा.