‘वाटणी’ की ‘सामाईक’? : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

कार्यप्रणालीचे कर्नल लिहिणारे ज्या दोषाला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात, त्यास मराठीत ‘खोटी वाटणी’ म्हणावे, असे कोश चाळणाऱ्यास सहज सुचते. ही संज्ञा नुसती सैल नाही, तर उलट्या अर्थाची आहे. इंग्रजी ‘शेअर’मध्ये वाटून घेणे व एकत्र धारण करणे हे दोन्ही अर्थ नांदतात, मराठीने ते केव्हाच वेगळे केले. बारामती-इंदापुराकडे ‘वाटणी झाली’ म्हणजे संबंध तुटला, ‘सामाईक आहे’ म्हणजे तो उरला.

दोषाचे स्वरूप असे. प्रक्रियक स्मृतीतून एकेक बाइट उचलीत नाही. संपूर्ण ओळ आपल्या कॅशमध्ये आणतो. ही ओळ इंटेलच्या प्रचलित प्रक्रियकांत ६४ बाइटांची, आयबीएमच्या पॉवर मालिकेत १२८ बाइटांची असते. दोन कोअरांचे आठ-आठ बाइटांचे गणक एकाच ओळीत पडले, की एकाने आपला गणक वाढविताच दुसऱ्याजवळची अख्खी ओळ रद्द ठरते. त्याच्या गणकाला कोणी हातही लावलेला नसतो.

नीरा डाव्या कालव्याखालच्या बागाईतदारास हे नवे वाटू नये. एका गटाच्या सातबाऱ्यावर दोन खातेदार असले व एकाच्या हिश्श्याचा फेरफार मंजूर झाला, तर दुसऱ्याने आधी काढून ठेवलेला उतारा जुना होतो. त्याचे क्षेत्र गुंठाभरही हललेले नसते. कसणूक वेगळी, कागद मात्र सामाईक. कालव्याच्या पाण्याची उपमा अधिक देखणी खरी. पण पाणी वापरले की संपते, आणि येथील तंटा प्रतींचा आहे.

तेव्हा ‘नाहक सामाईकपणा’ हीच संज्ञा युक्त ठरते. ‘नाहक’मध्ये निष्कारणपणाबरोबर हक्काच्या अभावाची मूळ छटाही आहे. ‘खोटा’ हे विशेषण तर नकोच. होणारा विलंब पुरता खरा असतो.

उपायाची परिभाषाही महसुली दप्तरात तयार आहे. लिनक्स कर्नलमध्ये एखादा घटक ओळीच्या हद्दीपासूनच सुरू व्हावा, अशी सूचना लिहिता येते. प्रत्येक गणकास अशी स्वतंत्र ओळ देणे हा पोटहिस्साच होय. मात्र ६४ बाइटांच्या ओळीत आठ बाइटांमागे ५६ बाइट पडीक राहतात, आणि ‘पॅडिंग’ला ‘पडीक’हून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. दोन्ही कोअर एकच गणक लिहीत असतील, तर ती खरी सामाईक मिळकत. तेथे पडीक टाकून काही साधत नाही. याच सूचनेचा एक प्रकार, एकाच प्रक्रियकासाठी कर्नल बांधले असता, आपोआप रिक्त होतो. सातबाऱ्यावर एकच नाव असल्यावर पोटहिस्सा कोणाशी पाडावयाचा?