फाशीचा दोर आणि निवेदकाची जागा

वायोमिंगमध्ये १८८९ साली एला वॉटसन व जिम ॲव्हरेल यांना गुरेचोरीच्या आरोपावरून बड्या पशुपालकांनी खटल्याविना फासावर लटकवले. कोणालाही शिक्षा झाली नाही. याच प्रदेशावरील ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या कादंबरीत न्यायाधीश हेन्री अशा फाशीचे समर्थन करतात: न्यायालये निष्प्रभ ठरली की लोक आपला अधिकार परत घेतात. फाशीच्या वेळी निवेदक मात्र तबेल्यातच थांबतो. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांच्या ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ (१९४०) मध्ये निवेदक जमावातच आहे. तिघांना फाशी दिल्यावर, ज्याच्या खुनासाठी ती दिली तो जिवंत असल्याचे कळते. विस्टर यांचा युक्तिवाद दृश्य टाळूनच टिकतो. क्लार्क वाचकालाही त्या झाडाखाली उभे करतात.